कोष्टकाची जुळणी

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'कोष्टक' असे उत्तर दिले. ते ऐकून चालकांपैकी एक गृहस्थ हसले. कामगार चळवळीतल्या माणसाने संपावर बोलावे, बोनसावर बोलावे, गेला बाजार गिरणगावावर बोलावे. उभ्या-आडव्या रेघांत सांगण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटले असावे. आम्ही विषय बदलला नाही. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे छापखान्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्या दोन्ही शाळांत आम्ही एकच गोष्ट शिकलो, ती ही की, कागदावरच्या चौकटीत काय बसते आणि काय बसत नाही यावर माणसाची भाकरी पुष्कळदा अवलंबून असते.

कोष्टक कोणाला ठाऊक नाही? लहानपणी उजळणीत पाढे, घरात भिंतीवर तिथी-वार, स्टेशनावर गाड्यांच्या वेळा, महिनाअखेर पगारपत्रक. मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतच कोष्टक आपल्याकडे आले. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. पंचांग म्हणजे दुसरे काय? तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांचे रकाने. शिळेवर हाताने लिहायचे असल्यामुळे तेथे रेघ ओढणाऱ्याची सोय होती. जुळाऱ्याची परीक्षा सुरू झाली ती शिशाचे खिळे आल्यावर.

ही परीक्षा काय होती हे आज सांगणे अवश्य आहे, कारण ती दिलेली माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. आम्ही १९८४ च्या सुमारास एका छापखान्यात उमेदवारीला लागलो. साधा मजकूर जुळवायला सहा महिन्यांत येऊ लागला. इंग्रजीचा संसार दोन केसांत मावतो. देवनागरीला जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार, उकार यांच्यासाठी किती तरी अधिक घरे लागतात. ती घरे बोटांना पाठ झाली की काम चालते. पण कोष्टक आले की फोरमन मास्तर ते आमच्या हाती देत नसत. स्वतः मूळ प्रत घेऊन बसत आणि खिळ्याला हात लावण्यापूर्वी पेन्सिलीने मोजत. प्रत्येक रकान्यातली सर्वांत लांब नोंद कोणती, ती किती एनांची, रकान्यांमधल्या पितळी रुळांची जाडी किती, या सर्वांची बेरीज पानाच्या मापात बसते की नाही. न बसली तर खिळा बारीक घ्यावा, की मथळा दोन ओळींत मोडावा, की सारे कोष्टक पानावर आडवे टाकावे, हा निर्णय त्यांचा. अंकांचे खिळे सगळे एकाच रुंदीचे असत. म्हणून एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक आपोआप येई. बाकी रिकामी जागा क्वाडांनी आणि बारीक स्पेसांनी भरायची. ती केसभर सैल राहिली, तर फर्मा उचलताना खिळे गळत आणि दिवसाची मेहनत फरशीवर विखरे.

या मोजण्याला मोल होते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या जुळाऱ्यांचे दरपत्रक पाहावे. साध्या मजकुराला एक दर, रकान्यांच्या कामाला दीडपट, आणि रुळांनी व रकान्यांनी भरलेल्या पुऱ्या कोष्टकाला दुप्पट. किती रकाने असले म्हणजे कोष्टक म्हणावे, याची व्याख्याच त्या दरपत्रकात करावी लागली. आज संगणकशास्त्रज्ञ 'कोष्टक म्हणजे काय' याची काटेकोर व्याख्या करतात. ती करण्याचा उद्योग प्रथम मजुरीसाठी भांडणाऱ्या कामगारांनी केला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पुढे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतले मोठे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनीही छापखाने कोष्टकाला जादा दर लावतात व तो रास्तच असतो, हे मान्य केले आहे.

ज्या कामाला दुप्पट मजुरी द्यावी लागते, ते काम यंत्राकडून करून घेता येईल काय, हा विचार भांडवलाच्या मनात येणारच. त्याचा इतिहास आपल्या समजुतीपेक्षा जुना आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० च्या दशकात गास्पार द प्रोनी या अभियंत्याकडे लॉगरिदमची प्रचंड कोष्टके तयार करण्याचे काम आले. त्यांनी कामाचे तीन थर पाडले. वर सूत्रे ठरविणारे मोजके गणिती, मध्ये त्या सूत्रांचे आकडे मांडणारे काही जाणकार, आणि खाली केवळ बेरीज-वजाबाकी करणारे साठ-ऐंशी लोक. उमरावांचे केशसंभार क्रांतीत गेल्यामुळे बेकार झालेले न्हावी या खालच्या थरात होते, असे सांगतात. ही हकीकत इंग्लंडमध्ये चार्लस बॅबेज यांनी वाचली आणि १८३२ च्या आपल्या कारखानदारीवरील ग्रंथात तिला मानाचे स्थान दिले. खालच्या थराला केवळ बेरीजच करायची असेल, तर तेथे माणूस तरी कशाला, हा त्यांचा प्रश्न होता.

बॅबेज यांना या प्रश्नाकडे कोष्टकातल्या चुकांनीच नेले. १८२१ मध्ये मित्र जॉन हर्शेल यांच्यासह खगोलशास्त्रीय कोष्टके तपासताना जागोजाग चुका सापडून ते त्रस्त झाले. काही चुका गणित करणाराच्या, काही नक्कल करणाराच्या, काही जुळाऱ्याच्या. म्हणून त्यांनी आखलेल्या फरक-यंत्रात केवळ गणित नव्हते. उत्तर साच्यात परस्पर उमटवून छपाईचा ठसा तयार करण्याची योजनाही होती. जुळाऱ्याचा हात मध्ये येऊच नये, हा तिचा हेतू. सरकारचे सतरा हजारांवर पौंड खर्च झाले, पण यंत्र पुरे झाले नाही. १८४२ मध्ये सरकारने अंग काढून घेतले. बॅबेज यांच्या दुसऱ्या आराखड्याप्रमाणे लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली यंत्र उभारले आणि २००२ साली त्याचा छपाईचा भाग पुरा केला. ते चालले. म्हणजे कल्पना खोटी नव्हती. दरम्यान, बॅबेज यांच्यापासून स्फूर्ती घेऊन असे यंत्र प्रत्यक्षात आणले ते स्वीडनच्या गेओर्ग शॉइट्झ आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी, आणि हे गेओर्ग शॉइट्झ व्यवसायाने मुद्रक होते. कोष्टक कसे छापतात हे त्यांना ठाऊक होते.

पुढची पायरी अमेरिकेतली. वॉशिंग्टनच्या पेन्शन कचेरीत टॉल्बर्ट लॅन्स्टन नावाचे कारकून होते. त्यांना १८८७ साली मोनोटाइप यंत्राचे पेटंट मिळाले. एका माणसाने कळफलकावर मजकूर दाबायचा. त्याने कागदी पट्टीवर भोके पडतात. ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घातली की एकेक सुटा खिळा ओतून निघतो. लायनोटाइपसारख्या यंत्रात सबंध ओळ एकसंध निघे, येथे खिळे सुटे. म्हणून कोष्टकाच्या कामाला मोनोटाइपच सोयीचे ठरले. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ती कागदी पट्टी. जुळणीचा हुकूम आणि जुळणी या दोन वस्तू तेथे वेगळ्या झाल्या. हुकूम कागदावर साठवून ठेवता येऊ लागला. हुकूम साठला म्हणजे तो देणारा माणूस शेजारी असण्याची गरज उरत नाही. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत १९६२-६३ साली जुळाऱ्यांनी ११४ दिवस संप केला, त्याच्या मुळाशी अशाच पट्ट्यांचा प्रश्नही होता.

शिसे जाऊन प्रकाशाची आणि संगणकाची जुळणी आली, तेव्हा कोष्टकाचे काय झाले? बेल प्रयोगशाळेत १९७१ च्या सुमारास युनिक्स ही यंत्रणा पहिल्यांदा खऱ्या कामाला लागली, ती पेटंट खात्याच्या टंकलेखनासाठी. तेथे १९७६ साली माइक लेस्क यांनी 'टीबीएल' नावाचा छोटा कार्यक्रम लिहिला. लिहिणाऱ्याने फक्त एवढे सांगायचे की, हा रकाना डावीकडे टेकवा, हा मध्ये आणा, हा अंकांचा आहे, याचे दशांशचिन्ह एकाखाली एक ठेवा. रुंदी किती, हे त्याने सांगायचे नाही. सर्वांत लांब नोंद शोधून रुंदी ठरविण्याचे काम यंत्राचे. आम्ही हे प्रथम वाचले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे मास्तरांची पेन्सिल उभी राहिली.

क्नूथ यांची गोष्ट त्याच सुमाराची. त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती मोनोटाइपवर सुरेख जुळविलेली होती. दुसऱ्या आवृत्तीची नव्या पद्धतीची प्रुफे १९७७ मध्ये आली, ती त्यांना पाहवेनात. तेव्हा त्यांनी स्वतःच जुळणीचा कार्यक्रम लिहावयास घेतला. एका वर्षाच्या रजेत संपेलसे वाटलेले काम दशकभर पुरले. त्या 'टेक्' यंत्रणेत अक्षर म्हणजे एक पेटी, ओळ म्हणजे पेट्यांची पेटी, आणि मधली जागा म्हणजे ताणता-आवळता येणारा डिंक. कोष्टकासाठी आधी एक नमुना-ओळ सांगायची. मग यंत्र सर्व ओळी गोळा करून प्रत्येक रकान्याची रुंदी काढते. रेघा तुटू नयेत म्हणून ओळीत एक अदृश्य उभा टेकू ठेवायचा. हा टेकू कोणी पुस्तकात वाचून काढलेला नाही. ती जुळाऱ्याची युक्ती आहे. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात 'लाटेक्' करून हे सामान्य लेखकाच्या आवाक्यात आणले. तरी तेथले साधे कोष्टक पानाच्या शेवटी मोडत नसे. त्यासाठी डेव्हिड कार्लाइल यांना वेगळे साधन लिहावे लागले, आणि तेही रकान्यांच्या रुंदी एका फाइलीत टिपून ठेवते व दोन-तीन फेऱ्यांनंतर स्थिर होते. दुप्पट मजुरी कशाची होती, याची साक्ष यंत्रही देत आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. संगणकाचा कार्यक्रम वाढत जातो तसा तो लांबच लांब हुकूमनामा होत जातो. एक ओळ बदलली की दहा ठिकाणी बिघडते. यावर तोड निघाली नॉर्वेत. ऑस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर हे दोघे 'सिम्युला' नावाची भाषा रचीत होते. कारखाने, बंदरे, रांगा यांची नक्कल संगणकात करावी, हा तिचा हेतू. पुलावर जकातनाका आहे, नाक्यापुढे गाड्यांची रांग आहे, रांगेत ट्रक आहेत आणि बसही आहेत. रांगेचे नियम दोघांना सारखे. पुढचे वर्तन निराळे. मग रांगेचे नियम दोनदा का लिहावे? 'गाडी' हा एक वर्ग करावा. 'ट्रक' आणि 'बस' हे त्याचे पोटवर्ग. सामाईक ते वर, विशेष ते खाली. १९६६ च्या अखेरीस ही कल्पना त्यांना स्पष्ट झाली आणि १९६७ मध्ये सिम्युला-६७ म्हणून जगापुढे आली. कार्यक्रम म्हणजे हुकूमनामा नव्हे. आपापली माहिती आणि आपापली रीत बाळगून असलेल्या, एकमेकांना निरोप देणाऱ्या वस्तूंचा तो समुदाय होय. याच विचाराला पुढे 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' हे नाव मिळाले. वर्ग म्हटले की आम्हांला मालक आणि मजूर आठवतात. पण येथला वर्ग केवळ साचा आहे, हे समजायला आम्हांलाही थोडा वेळ लागला.

या विचाराने कोष्टक कसे जुळवावे, हे आम्ही आमच्या कचेरीतच पाहिले. काही वर्षांपूर्वी एक छापखाना बंद पडला. कामगारांची ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, थकबाकी यांचे कोष्टक कामगार न्यायालयात द्यायचे होते. बाजारातल्या तयार साधनावर केलेले पहिले कोष्टक असे निघाले की, रकमा डाव्या बाजूला टेकलेल्या, मराठी नावांचे उकार खालच्या रेघेने कापलेले, आणि एका पानाची बेरीज एकटीच पुढच्या पानावर गेलेली. समोरच्या वकिलांनी त्या बेरजेवरूनच आमच्या हिशेबावर शंका घेतली. तारीख पुढे गेली. त्या तीन महिन्यांत यादीतला एक कामगार वारला. चूक गणिताची नव्हती, जुळणीची होती. पण ती त्याच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगावी?

आमच्या कचेरीत एका जुन्या जुळाऱ्याचा मुलगा संगणकाचे काम पाही. तो म्हणाला, "साहेब, हे आपणच लिहू. पण कोष्टक कसे जुळवीत, ते आधी मला नीट सांगा." आमचे फोरमन मास्तर तेव्हा सत्तरीत होते. त्यांना बोलावले. तीन संध्याकाळी ते दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि आम्ही चहा सांगत राहिलो.

जे निघाले ते असे. सर्वांत लहान वस्तू 'घर'. घराचे पोटवर्ग अनेक, जसे मजकुराचे घर, रकमेचे घर, मथळ्याचे घर, आणि दोन-तीन रकाने व्यापणारे जोडघर. प्रत्येक घराला तीन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. तुला कमीत कमी किती रुंदी लागेल? मजकूर मोडला नाही तर जास्तीत जास्त किती? आणि अमुक रुंदी दिली तर उंची किती? मजकुराचे घर लांबातला लांब शब्द मोजून पहिले उत्तर देते. रकमेचे घर म्हणते की मला मोडताच येत नाही, मला पुरी जागा द्या. देवनागरी घर उंची सांगताना रफार आणि उकार धरून सांगते. त्यामुळे रेघ अक्षरावर चालून जात नाही. घराच्या आत काय आहे, हे कोष्टकाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

घरांच्या वर 'रकाना' आणि 'ओळ'. रकाना आपल्या घरांना रुंदी विचारतो आणि सर्वांत मोठे उत्तर धरतो. साध्या घरांचे हे झाल्यावर जोडघरांना विचारायचे. त्यांना जागा अपुरी पडली तर तूट त्यांच्या खालच्या रकान्यांत वाटून द्यायची. मग 'कोष्टक' सर्व रकान्यांची बेरीज करून कागदाच्या मापाशी ताडून पाहते. कमाल रुंदी बसली तर प्रश्न मिटला. न बसली तर किमान आणि कमाल यांच्या दरम्यान वाटणी करायची. किमानही बसत नसेल, तर यंत्राने मुकाट्याने अक्षर कापू नये. स्पष्ट सांगावे की बसत नाही, कागद आडवा करा. हा मास्तरांचा आग्रह होता. रुंदी ठरल्यावरच ओळी आपापल्या घरांना उंची विचारतात. हा क्रम उलटला की सारे बिघडते. शेवटी 'पान' नावाची वस्तू ओळी मोजून घेते, नव्या पानावर मथळा पुन्हा देते, पानाखाली बेरीज आणि वर 'मागील पानावरून' लिहिते, आणि शेवटच्या बेरजेला एकटी सोडीत नाही. छापायचे कशावर, टेक्‌मधून की पडद्यावर की आणखी कोठे, हे अगदी वेगळ्या 'लेखक' वस्तूकडे. उद्या छपाईची रीत बदलली तर तेवढा लेखक बदलावा. घरांना धक्का लागत नाही.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच तत्त्व मांडले होते की, कार्यक्रमाचे भाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये. जो निर्णय उद्या बदलण्याजोगा आहे, तो एकेका भागाच्या आत झाकून ठेवावा. मास्तरांनी पार्नास यांचे नाव ऐकलेले नव्हते. पण मथळा, अंक आणि मजकूर ही तीन कामे तीन हातांना का द्यावीत, हे ते जाणत होते. तिसऱ्या संध्याकाळी कोष्टक छापून आले. मास्तरांनी चष्मा पुसून रकमांचा रकाना वरून खाली बोटाने तपासला आणि म्हणाले, "जुळलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आता माझीही गरज नाही."

मित्रहो, या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. आमच्या एका सहकाऱ्याने तर आम्हांला तोंडावर विचारले की, ज्या विद्येने आपली केस बंद केली, ती विद्या युनियनने कशाला लिहावी? हा प्रश्न सोपा नाही. १९९० च्या दशकात आमच्या छापखान्यात संगणक आले, तेव्हा कोणी आम्हांला काही विचारले नाही. एका सोमवारी केसा अंगणात काढून ठेवलेल्या दिसल्या. कामाच्या रीतीत छाटणी होण्याजोगा बदल करायचा तर आधी कामगारांना नोटीस देऊन २१ दिवस थांबावे, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. ती आम्हांला ठाऊक होती. पण नोटिशीवर बोलावे काय, हे ठाऊक नव्हते. यंत्र काय करते, हेच आम्हांला कळत नव्हते. आम्ही भरपाई मागितली आणि थोडीफार मिळविली. त्या यंत्रात कोणाची विद्या भरली आहे, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही.

सुचले ते नॉर्वेत, आणि तेही सिम्युला रचणाऱ्या न्यूगोर यांनाच. आपली भाषा कारखान्यातल्या कामाची आखणी करण्यासाठी वापरली जाते, आणि ज्यांच्या कामाची आखणी होते त्यांना तिच्यात आवाज नाही, ही गोष्ट त्यांना टोचू लागली. १९७१ पासून दोन-तीन वर्षे ते नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम करू लागले. प्रथम अहवाल लिहिले. मग ध्यानात आले की अहवाल कपाटात जातात. तेव्हा त्यांनी ठरविले की, स्थानिक संघटनेने स्वतः जे पाऊल उचलले, तोच या संशोधनाचा निष्कर्ष मानावा. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली. याचे फळ म्हणजे १९७५ साली मालक आणि कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत झालेला करार. नवी यंत्रणा आणण्यापूर्वी कामगारांना माहिती द्यावी, ती तज्ज्ञ नसलेल्यालाही समजेल अशा भाषेत द्यावी, आणि या कामासाठी कामगारांचे खास प्रतिनिधी असावेत, असे त्यात लिहिले गेले.

त्याच वाटेने १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी उत्तर युरोपच्या मुद्रण कामगारांच्या महासंघाबरोबर 'युटोपिया' नावाचा प्रकल्प चालविला. वृत्तपत्राचे पान जुळविण्याचे संगणकी साधन जुळाऱ्यांना विचारून बनवायचे, हा त्याचा विषय. साधन अजून तयार नव्हते, म्हणून त्यांनी प्लायवूड आणि कागद यांचे खोटे संगणक केले. एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असे लिहून ठेवले. आणि जुळाऱ्यांना सांगितले की, येथे बसून आपले काम करून दाखवा. हात कोठे अडतो, डोळा काय शोधतो, हे पाहून आराखडा बदलला. ती यंत्रणा बाजारात फार टिकली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण वापरणाऱ्याला बरोबर घेऊन रचना करण्याची रीत टिकली आणि आज जगभर शिकविली जाते. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांनी १९७४ च्या करारात तेव्हाच्या सभासदांना आजन्म नोकरीची हमी मिळविली; माणसे वाचली, विद्या तेथेच थांबली. स्कँडिनेव्हियात विद्या वाचविण्याचा यत्न झाला. आमच्याकडे दोन्हींपैकी काही झाले नाही.

डाल आणि न्यूगोर यांना त्यांच्या शास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००१ सालासाठी मिळाला आणि पुढल्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने निवर्तले. त्यांच्या शोधाचा एक अर्थ आम्ही आमच्यापुरता असा काढला आहे. चांगल्या कोष्टकात वरून रुंदी लादीत नाहीत. आधी प्रत्येक घराला विचारतात की, तुला किमान किती लागेल. ज्याने हा प्रश्न विचारण्याची रीत शोधली, त्यालाच तो प्रश्न माणसांनाही विचारावासा वाटला, हा केवळ योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. वस्तूच्या आतले झाकून ठेवणे हा कार्यक्रमाच्या दोन भागांमधला गुण आहे. यंत्र आणि कामगार यांच्यामध्ये तीच झाकपाक आली, की तो अन्याय होतो.

मास्तरांना आम्ही त्या संध्याकाळी उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर त्या मुलाने दिले. त्याने कार्यक्रमाच्या आरंभीच्या टीपेत लिहिले की, रुंदीची वाटणी, पानाखालची बेरीज आणि 'बसत नाही तर सांगा' हा नियम कोणाकडून शिकलो; आणि तो कागद मास्तरांना वाचून दाखविला. मास्तरांनी एक दुरुस्ती सुचविली की, रिकाम्या घरात काही नाही असे दिसू नये, आडवी रेघ घालावी. नाही तर कोणीही मागाहून आकडा भरील. ती दुरुस्ती त्याच रात्री झाली.

त्या कोष्टकावर पुढे निकाल लागला आणि थकबाकी मिळाली. वारलेल्या कामगाराची रक्कम त्याच्या पत्नीने येऊन घेतली. त्यांना लिहिता येत नव्हते; पण आपल्या घराच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी रक्कम ओळखली, कारण ती जिथे असायला हवी तिथे होती. आज आपल्या कचेऱ्यांत, बँकांत, इस्पितळांत नवनव्या यंत्रणा येत आहेत आणि त्यांत पुन्हा कोणाची तरी विद्या भरली जात आहे. तुमच्या कामाच्या जागी अशी यंत्रणा आली, तर घाबरू नका आणि मुकाट्यानेही बसू नका. ती काय करते, हे समजेल अशा भाषेत सांगा, असे मागा. आणि ती रचताना आम्हांला विचारले काय, असे विचारा. आम्हांला हा प्रश्न तीस वर्षे उशिरा सुचला. तुम्हांला तो वेळेवर सुचावा, एवढ्यासाठीच हा विषय घेतला.